मधली रेघ

“आमी उचलतो,” जागृती म्हणाली.

विनेशने कानाचा फोन खाली घेतला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू कोपऱ्यातला झाडूच बोलला.

“तू काय उचलणार मावशी? चहाचे कप?”

“टेबलं. कपाटं. सगळंच. मी एकली न्हाय, आमची टीम हाय.”

“कसली टीम? बचत गटाची?”

“कबड्डीची.”

पनवेलहून कार्पेट बसवायला आलेला सनी गुडघ्यावर बसून पट्टीने भिंत मोजत होता. तो तिथूनच खिदळला. “लेडीज कबड्डी! भाई, होऊन जाऊ दे. नायतर आपण इथं शोपीस बनून बसलोय.”

रविवार होता. रेवदंड्याच्या रस्त्यावरच्या त्या कंपनीच्या ऑफिसात सोमवारी मुंबईचे मालक यायचे होते. मालकांच्या बुटांना जुनं कार्पेट लागू नये म्हणून एका दिवसात अख्ख्या हॉलचं कार्पेट बदलायचं फर्मान निघालं होतं. नवीन कार्पेटचे गुंडाळे पोर्चमध्ये येऊन पडले होते. गोंदाचे डबे आले होते. फक्त हॉल भरलेला होता, टेबलं, खुर्च्या, कपाटं, मीटिंगचं ते होडीएवढं टेबल, सगळं जागच्या जागी. कारण हमाल आले नव्हते. ठेकेदाराचा मुकादम विनेश सकाळपासून फोन लावत होता आणि पलीकडून वाऱ्याचा, शिट्ट्यांचा आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत होता. नागावच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, बैलगाड्यांची शर्यत होती. शर्यतीच्या दिवशी या पट्ट्यातला पुरुष कामावर येत नाही. स्वतःच्या लग्नाला आला तरी नवरीने नशीब समजावं.

“हजेरी हमालांचीच लावायची,” जागृती म्हणाली. “बाई म्हणून अर्धी न्हाय.”

“लावतो बाय.”

“आणि हे जुनं कार्पेट आमचं.”

“हे? कुजकं? घेऊन जा.”

“अख्ख्या पट्ट्या पायजेत. सनीभाऊ, ऐकलंस ना? उभं काप, आडवा ब्लेड लावायचा न्हाय.”

“अगं अख्खं घे! अंगावर पांघर!” विनेश ओरडला. “पण संध्याकाळच्या आत हॉल मोकळा पायजे. गोंद रात्रभर सुकायला लागतो.”

काम व्हायच्या आधी माणसं फार दिलदार असतात.

जागृतीने चढाईला जायच्या आधी खोचायची तसा पदर खोचला आणि फोन काढला.

तिला ते कार्पेट कशाला हवं होतं, ते सांगायला पाहिजे. पुढच्या रविवारी अलिबागला जिल्ह्याच्या मुलींची निवड होती आणि ती मॅटवर होती. वाडीच्या शाळेच्या पोरी मातीत खेळणाऱ्या. जागृती त्यांना रोज संध्याकाळी शिकवायची, पोरी वाघिणी होत्या, पण मॅटवर त्यांतल्या एकीचंही पाऊल कधी पडलं नव्हतं. मॅट आणून देतो असं तीन सरपंच म्हणून गेले. तिघांनीही मैदानात स्वतःचे फोटो तेवढे आणून लावले. आता ज्याने मातीत आणि मॅटवर दोन्हीकडे खेळून पाहिलंय त्यालाच माहीत, की मातीत पाय घसरतो आणि मॅटवर पाय धरून ठेवला जातो. मातीतला खेळाडू सवयीने अंग फिरवतो आणि पाऊल तिथंच चिकटून राहतं. मग जे फिरतं तो गुडघा असतो.

जागृतीचा असाच फिरला होता. एकोणीस वर्षांची असताना, जिल्ह्याच्या निवडीत, तेव्हा नव्यानेच आलेल्या मॅटवर, दुसऱ्याच चढाईत. तिला झोळीत घालून घरी आणलं. मग लग्न लावून दिलं. लंगडणाऱ्या मुलीला स्थळ मिळालं म्हणून घरचे खूश होते, तिला कुणी विचारलं नाही.

पुढे ती या ऑफिसात साफसफाईला आणि चहापाण्याला लागली. इथला नियम असा, की साहेबांचे बूट कार्पेटवर चालतात, पण झाडूवालीची चप्पल चालत नाही. ती दाराबाहेर काढायची. तर पहिल्या दिवशी तिने अनवाणी पाय त्या निळ्या कार्पेटवर ठेवला. पायाने ओळखलं. तीच पकड, तोच चिकटपणा. तेव्हापासून ती त्या कार्पेटवर चहाचा ट्रे घेऊन चालत होती आणि चालताना विचार करत होती, हे जर माझ्या पोरींच्या पायाखाली आलं तर.

आज ते निघणार होतं. आठवड्याचा सराव हातात होता. आणि मधे उभं होतं फक्त फर्निचर.

पहिली आली राही. रेवदंड्याच्या बंदरावरून रिक्षाने आली, मासळी तशीच दुसरीच्या हवाली टाकून. दारातच तिने नऊवारीचा काष्टा घट्ट केला. तिच्याबरोबर आत ताज्या बोंबलांचा वास आला आणि ऑफिसातला एसीचा वास गप बसला.

“कुटं हाय गो तुजा किल्ला?” ती म्हणाली. “अगो बाय, यवरी टेबलां? इथं मानसां रातात का टेबलां?”

मग रखमा आली. रखमा म्हणजे आगरी आळीतलं दार भरून टाकणारं प्रकरण. ऐन भरात असताना ती डावा कोपरा सांभाळायची आणि तिच्या मिठीतून सुटलेली चढाईवाली अजून जन्माला यायची आहे. “आमचा म्हातारा बैलासंगं पुळनीवर गेलाय,” तिने येता येता जाहीर केलं. “सकाली बैलाला अंडी चारली. मना या घरात कंदी कुनी अंडा चारला न्हाय. चल, दाव, काय उचलू?”

मागोमाग तिघी आल्या. एक होमस्टेच्या स्वयंपाकघरातून, एक अंगणवाडीतून, एक सुनेला खोटं सांगून. सातवी दुबईला लेकाकडे नातवंडं सांभाळायला गेलेली. सहा जणी झाल्या. सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या. कुणाचे केस पिकलेले, कुणाचं पोट सुटलेलं. हॉलच्या दारात त्या ओळीने उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे पाहून अशा हसल्या, की सनीने मोजपट्टी खाली ठेवली.

या बायकांचं एक सांगून टाकतो. मैदानावर त्या एकमेकींच्या घोट्याला मिठी मारायच्या, एकमेकींच्या घामात लोळायच्या. खेळ संपला की रखमाच्या घरी बौद्धवाडीतल्या जागृतीला पाणी अंगणात मिळायचं, वरून ओतून. ते पुष्कळ वर्षं चाललं. कायद्याने थांबलं नाही. रखमाची सासू मेली तेव्हा थांबलं. त्याच दिवशी, सुतकात, रखमाने जागृतीला हाताला धरून चुलीपाशी नेऊन बसवलं. तांब्या पुढे सरकवला. तो तांब्या दोघींच्या लक्षात आहे. बाकी भाषणं कोण लक्षात ठेवतो?

“कसं उचलायचं?” अंगणवाडीवालीने विचारलं.

“खल्यात पोती उचलायचो तसं,” जागृती म्हणाली. “एका दमात.”

हे त्यांचं जुनं. दम वाढावा म्हणून त्या रखमाच्या खळ्यावर भाताची पोती उचलायच्या, तोंडाने कबड्डी-कबड्डी चालू ठेवून. पोतं उचललं की दम सुरू, पोतं कणगीशी टेकलं की दम संपला. मधे ज्याचा दम तुटला तो बाद. हात वर करून बाजूला व्हायचं. या नियमावर त्यांनी अख्खा जिल्हा लोळवला होता.

“हान!” राही म्हणाली.

आणि सुरू झालं.

पहिलं लाकडी कपाट सहा जणींनी धरलं, जागृतीने तोंड उघडलं, “कबड्डी, कबड्डी, कबड्डी,” आणि पाच आवाज खालून येऊन मिळाले. कपाट जमिनीवरून सुटलं. टेबलांच्या मधून, खांबाला वळसा घालून, दारातून बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकलं, तेव्हा सहाही जणी खो खो हसत होत्या. विनेशचं तोंड उघडंच राहिलं होतं. दुसरं कपाट गेलं. तिसरं गेलं. टेबलं तर पाखरासारखी उडायला लागली. खुर्च्या राही एकटीच दोन्ही हातांत घेऊन धावत होती. खळ्यातला तो आवाज, तो दबका घुमणारा एकसुरी आवाज, भिंतीवरच्या मालकांच्या वाडवडिलांच्या हार घातलेल्या फोटोंखालून सारखा येत-जात होता. रखमाच्या कपाळावर घाम आला, अंगणवाडीवालीचा अंबाडा सुटला, आणि कुणीतरी ओरडलं, “आगं, आपल्याला अजून येतंय!”

येतंय. होय, येत होतं. इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या, धुणी बडवली, बाप्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तो दम आत कुठेतरी तसाच होता. कुणी मागितलाच नव्हता.

हॉल जसा मोकळा होत गेला तसं कार्पेट दिसू लागलं. टेबलांखाली ते अजून गर्द निळं होतं, नवं कोरं. मोकळ्या जागेत फिकटलेलं. आणि हॉलच्या बरोबर मधून, पॅन्ट्रीच्या दारापासून समोरच्या भिंतीतल्या साहेबांच्या केबिनपर्यंत, एक सरळ पांढुरकी वाट आडवी गेली होती. तिथली लोकर झिजून पार धागा दिसत होता.

सनी त्या वाटेपाशी उकिडवा बसला. “मावशी, ये क्या हाय? इथून बैल जातात काय?”

“मी जाते,” जागृती म्हणाली. “चहा घेऊन.”

“एवढा चहा?”

“साहेब माणूस. दुसरं काय काम असतं?”

मग मीटिंगच्या टेबलाची पाळी आली. लांबलचक, वर जाड काच. जागृती म्हणाली, आधी काच उतरवू.

“काच राहू दे वर,” विनेश म्हणाला. “उतरवा, गुंडाळा, परत चढवा, कोण बसलंय? टाइम न्हाय.”

“काच घसरल.”

“मावशी, तू कबड्डी कर. अक्कल मी चालवतो.”

त्यांनी उचललं. कबड्डी, कबड्डी. टेबल जड होतं आणि लांब होतं, वळताना वेळ लागला. दार आलं. अर्धं टेबल बाहेर, अर्धं आत. आणि नेमका तेव्हा, डाव्या कोपऱ्यावर, रखमाचा दम तुटला.

आता दुसऱ्या कुणाही हमालाचा दम तुटला असता तर त्याने श्वास घेतला असता आणि ओझं धरून ठेवलं असतं. पण रखमा हमाल नव्हती, खेळाडू होती. तिने प्रामाणिकपणे दोन्ही हात सोडले, एक हात वर केला, “आऊट!” म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

कोपरा उंबऱ्यावर आपटला. काचेतून एक लांब आवाज गेला, बंदरावर बर्फाच्या लादीवर सळई मारावी तसा. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

रखमाचा हात अजून वरच होता.

“अगो रखमे,” राही शेवटी म्हणाली, “तू आऊट झालीस ता टेबलाला तरी सांगाचा!”

आणि त्या हसल्या. हसू नये अशा वेळी येतं ते हसू. रखमा हसता हसता रडायला लागली. “माज्या सवयीनं घात केला गो, जागे. माज्या हातांना कललाच न्हाय.”

विनेश हसत नव्हता. पण जागृतीने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तिला दिसलं, की तो चिडलेलाही नव्हता. सुटल्यासारखा दिसत होता.

“संपलं,” तो म्हणाला. “आता कार्पेट विसरा. काच भरून कोण देणार? तुमची हजेरी पण न्हाय आणि कार्पेट पण न्हाय.”

“काच उतरवू म्हनून मी म्हनले होते.”

“कोणी ऐकलं? सनी, ऐकलं काय तू?”

सनी ब्लेडकडे बघत राहिला. पोट सगळ्यांनाच असतं.

दारात अडकलेलं टेबल बायकांनी व्हरांड्यात सरकवलं, तेवढ्यात गेटवर टेम्पो वाजला. आत आला, पोर्चला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एका होमस्टेचं नाव होतं, माडाच्या चित्रासकट. होमस्टेत स्वयंपाकाला जाणाऱ्या त्यांच्यातल्या एकीने ते वाचलं.

“हा तर याच्या मेव्हण्याचा,” ती म्हणाली. “नागावचा. खोल्यांत फरशी गार लागते म्हनून पाहुणे ओरडतात.”

बस. कुणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. कुजकं कार्पेट डंपिंगला जाणार नव्हतं. सकाळी ‘घेऊन जा’ म्हणाला तेव्हाच विनेशला माहीत होतं ते कुणाच्या खोल्यांत अंथरायचं. काच फुटली नसती तर त्याने दुसरं काही फोडलं असतं.

जागृतीच्या डोक्यात एक शांत घंटा वाजली. तिने हॉलभर नजर फिरवली. हॉल रिकामा होता. फक्त खांबापलीकडे, कार्पेटवर, कागदपत्रांचं लोखंडी कपाट उभं होतं, आगीतही जळणार नाही असलं, भिंतीएवढ्या जाडीचं. चावी साहेबांकडे, म्हणून आतला कागदही काढता येत नव्हता. ते उठल्याशिवाय कार्पेट सुटत नव्हतं. आणि शर्यत तर आत्ता कुठे रंगात आली असेल, हमाल काही यायचे नव्हते.

ती चालत गेली आणि कपाटाला पाठ लावून खाली बसली. मांडी घालून.

राहीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तीही जाऊन बसली. मग रखमा, डोळे पुसत. मग तिघी. सहा जणींनी कपाटाभोवती कडं केलं. एकीने दुसरीचं मनगट धरलं, दुसरीने तिसरीचं. साखळी. ही साखळी धरून त्यांनी भल्याभल्या पोरी रेघेच्या अलीकडे आडव्या केल्या होत्या.

“हे काय नाटक?” विनेश म्हणाला. “उठा.”

कुणी उठलं नाही.

“जागे, काय करायचा?” रखमाने हळूच विचारलं.

“काय न्हाय करायचं,” जागृती म्हणाली. “चढाईला आलाय. बोलू दे. दम तुटल.”

आणि विनेश बोलायला लागला. तो म्हणाला उठता की गार्डला बोलवू, तुम्ही समजता काय स्वतःला, तुमच्यासारख्या छप्पन बाया गेटवर उभ्या असतात, उद्या सकाळी तुझं कार्ड बंद करतो जागृती, तुझ्या पोराला पण कुठं लागू देणार नाही, आणि ही कोळीण कोणाला विचारून आत आली, सगळ्या ऑफिसला वास मारलाय, साहेबांना काय सांगू मी, तुमची लायकी काय, तुम्हाला कार्पेट पाहिजे, घरात शेणाची जमीन आणि कार्पेट पाहिजे, मी पोलिसात देईन, मी ठेकेदाराला सांगेन, मी…

सहा जणी त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडेच. रखमाचे ओठ आधी हलू लागले, मग राहीचे, मग सगळ्यांचे. अगदी बारीक आवाजात. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. त्याच्या शिव्यांच्या तालावर. तो लाल झाला. त्याने आवाज चढवला. मान फुगली, शिरा दिसल्या, आणि मग एका वाक्याच्या ऐन मधे त्याला थांबून घशात हवा ओढावी लागली. हुप्प असा आवाज झाला.

“आऊट!” सहा जणी एकदम ओरडल्या.

सनी कार्पेटवर गडाबडा लोळायला लागला. टेम्पोवाला दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आणि विनेशच्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर केबिनवाल्या कुलदीप साहेबांचं नाव. विनेशने फोनकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, खिडकीतून कलत्या उन्हाकडे पाहिलं. “हां सर,” तो म्हणाला. “नाही सर. हो सर, झालंच. एकच कपाट राहिलंय सर.” पलीकडून साहेब काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण विनेशची मान खाली खाली जात राहिली. त्यालाही वरून कुणीतरी धरलेलं होतंच. जागृतीला ते दिसलं. दया मात्र आली नाही. दया करायची वेळ मघाशी होती, त्याने काच उतरवू दिली असती तर.

त्याने फोन ठेवला. “घ्या,” तो म्हणाला. “कार्पेट घ्या.”

“सनीभाऊला सांग. मोठ्यानं.”

“सनी, कार्पेट यांना दे.”

“आडवं कापायचं न्हाय.”

“आडवं कापू नको!” तो किंचाळला.

“आणि टेम्पो आलाच हाय,” राही म्हणाली, “त मैदानापर्यंत नेव दे. डिझल का फुकट जालाचा?”

साखळी सुटली. सहा जणी उठल्या. जागृतीने रखमाच्या खांद्यावर हात ठेवला.

“डावा कोपरा तुजाच,” ती म्हणाली. “पन आज नियम बदलला. दम तुटला तरी हात सोडायचा न्हाय.”

रखमाने मान हलवली.

लोखंडी कपाट उचलणं म्हणजे थट्टा नव्हती. पहिल्यांदा ते हललंच नाही. सनी आपण होऊन पुढे आला, बाही वर केली. “मी पण घेऊ काय? दम मला पण आहे थोडा.” राही म्हणाली, “ये भावा, बदली खेलाडू.” सात झाले. टीम पुरी झाली.

“हान!”

कबड्डी. कपाट बोटभर सुटलं. कबड्डी, कबड्डी. एक पाऊल, दुसरं. कार्पेट पाय धरत होतं, पाऊल उचलून टाकावं लागत होतं, घसरवता येत नव्हतं. खांब आला. वळसा. डाव्या कोपऱ्यावरचा आवाज थांबला. जागृतीने तिरक्या डोळ्याने पाहिलं. रखमाचं तोंड उघडं होतं, त्यातून काही येत नव्हतं, चेहरा वांग्यासारखा झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात कपाटाला चिकटलेले होते.

त्याच वळणावर कपाट कलंडलं. जागृतीने अंग फिरवून भार घेतला. अंग फिरलं. पाऊल फिरलं नाही.

तिला आवाज ऐकू आला. बाहेर कुणाला आला नसेल. ओला वेळू मोडावा तसा, गुडघ्याच्या आतून. एकोणीस वर्षांची असताना ऐकलेला तोच. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि त्या पांढऱ्यातून तिने स्वतःचा आवाज ऐकला, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. तो चालू होता. तेव्हा तुटला होता, आज चालू होता. दार आलं, उंबरा आला, व्हरांडा आला. कपाट भिंतीला टेकलं.

मग ती खाली बसली, आणि बराच वेळ उठली नाही.

“लागलं?” रखमाने विचारलं.

“दम न्हाय तुटला,” जागृती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

कार्पेट निघालं. उभ्या लांब पट्ट्या, एकीलाही आडवा काप नाही. खालची धूळ उडाली, टाचण्या, पेनांची टोपणं, कधीतरी सांडलेला लाडू. सनीने पट्ट्या गुंडाळून स्वतः टेम्पोत चढवल्या. माडाचं चित्र काढलेला तो टेम्पो वाडीच्या मैदानाकडे निघाला, आणि मागे फाळक्यावर पाच बायका पाय सोडून बसल्या होत्या, सहावी आत गुंडाळ्यांवर आडवी. नागावच्या रस्त्याने शर्यतीहून परतणाऱ्या पुरुषांचे जथे गुलाल उधळत येत होते. त्यांना वाटलं कुठलीतरी बायकांची जत्रा चाललीय. रखमाचा नवरा बैलाबरोबर होता, त्याचा बैल हरला होता. रखमाने टेम्पोतून ओरडून विचारलं, “काय वो, अंडी वाया गेली?”

सोमवारी जागृती काठी टेकत गेटवर गेली. कार्ड चाललं नाही. गार्डने नजर चुकवली. “वरून सांगितलंय ताई,” तो म्हणाला. “काचेचं काहीतरी.” काचेचं काही नव्हतं. एका मुकादमाचा दम तुटलेला सहा बायकांनी पाहिला होता. असल्या गुन्ह्याला माफी नसते. दारातून हॉलचा एक तुकडा दिसत होता. नवं कार्पेट राखाडी होतं, सपाट, त्यावर अजून कुणाचंही पाऊल उमटलं नव्हतं. तिची चप्पल तिच्या पायातच होती. ती वळली.

संध्याकाळी ती मैदानावर पोचली तेव्हा पोरींनी पट्ट्या अंथरून टाकल्या होत्या. उत्साहाच्या भरात कशाही, कुठली कुठे. त्या त्यावर नाचत होत्या, उड्या मारत होत्या, पाय घासून बघत होत्या. “मावशी, पाय धरतंय!” प्रांजली ओरडली. तिची सगळ्यात चपळ पोर.

“म्हनूनच आनलंय. पाऊल उचलून टाक. अंगाबरोबर फिरव. आधी उठा सगळ्या, पट्ट्या चुकल्यात.”

“मापात हायत की.”

“मापात हायत, पन रेघ तुटलीय. बघा.”

पोरींनी पाहिलं. प्रत्येक पट्टीवर एक पांढुरका झिजलेला तुकडा होता. इकडे एक, तिकडे एक. जागृती मैदानाच्या कडेला बसली, जिथे बाद झालेल्या खेळाडूंनी बसायचं असतं तिथे, पाय लांब करून, गुडघ्याला राहीने बांधलेला पाला आणि फडकं. तिथून ती काठीने दाखवत राहिली. ती इकडे घ्या. ही उलटी फिरवा. दोघींनी न्हाय, चौघींनी धरा. एका दमात. पोरींनी उचललं, कबड्डी-कबड्डी करत नेलं, टेकवलं. तुकड्याला तुकडा लागला. शेवटची पट्टी सरकली आणि पॅन्ट्रीपासून केबिनपर्यंतची ती अख्खी वाट मैदानाच्या बरोबर मधून, या काठापासून त्या काठापर्यंत, सरळ आडवी जुळली. चुना टाकायची गरजच नव्हती.

“ही मधली रेघ,” जागृती म्हणाली. “चल प्रांजली. चढाई.”

प्रांजलीने रेघेला हात लावून कपाळाला लावला आणि दम घेतला. पलीकडे गेली, एकीला टिपलं, वळली. वळताना तिचं पाऊल अंगाबरोबर फिरलं. कोपऱ्यातल्या दोघींनी तिच्या पायांवर झेप घेतली, ती तोंडावर पडली, तिच्या कमरेवर तिसरी बसली, तरी आवाज चालू होता. ती सरपटली. हात लांब केला. बोटं पुढे, आणखी पुढे, आणि त्या झिजलेल्या पांढऱ्या धाग्यांवर टेकली.

कडेला बसलेल्या जागृतीने तेव्हा कुठे श्वास घेतला.